निर्यातीच्या मासळीसाठी शाश्वततेचे प्रमाणपत्र : तांडेलाच्या वहीपासून खोक्यावरच्या निळ्या खुणेपर्यंत

केरळात कोल्लमजवळ असलेल्या अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीला नोव्हेंबर २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे एमएससीचे, शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातल्या मासेमारीला मिळालेले ते पहिलेच. तिथला शिंपला म्हणजे आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचाच भाऊबंद. बातमी आली तेव्हा आपल्याकडच्या अनेक निर्यातदारांना वाटले की परदेशी तपासनीस आणून, त्यांची फी भरून, वर्षभरात असा कागद मिळवता येईल. प्रत्यक्षात त्या प्रमाणपत्राची खरी सुरुवात एकवीस वर्षे आधी झाली होती.

अष्टमुडीत शिंपल्यांची व्यापारी काढणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढली, कारण परदेशातून मागणी येऊ लागली. १९९१ च्या सुमारास वार्षिक पकड दहा हजार टनांपर्यंत गेली आणि दोन वर्षांत ती निम्म्यावर आली. तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासाच्या आधारे चार बंधने आली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवायचा, जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, किमान ३० मिलिमीटर ठेवायची, यंत्राने काढणी करायची नाही, आणि एका किलोत १,४०० पेक्षा जास्त नग बसतील इतके बारीक शिंपल्याचे मांस निर्यात करायचे नाही. यातला चौथा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो पाळला जातो की नाही हे पाहायला पाण्यात उतरावे लागत नाही. कारखान्यातल्या टेबलावर एक वजनकाटा आणि मोजणारी दोन माणसे पुरतात. शिवाय बारीक मालाला गिऱ्हाईकच नसेल, तर तो काढायला कोणी जात नाही.

हा लेख मी कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी, बोटमालक आणि निर्यात करणारे कारखानदार यांच्यासाठी लिहीत आहे. काम कोणत्या क्रमाने करावे आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता कागद हाती हवा, हे शक्य तितके स्पष्ट सांगण्याचा प्रयत्न आहे. क्रमाबद्दल मी आग्रही आहे, कारण तो चुकला की पैसे जातात आणि बोटमालकांचा विश्वासही जातो. तो गेलेला विश्वास परत मिळवणे जास्त कठीण असते.

पहिला प्रश्न : हे प्रमाणपत्र तुमच्या मालासाठी आहे का?

एमएससी फक्त निसर्गात वाढलेल्या मासळीला लागू होते. तळ्यात वाढवलेल्या व्हेनामी कोळंबीसाठी एएससी किंवा बीएपी यांसारखी वेगळी प्रमाणपत्रे आहेत, आणि भारतातून जाणारी बहुतेक कोळंबी शेतीची असल्यामुळे ही गल्लत नेहमी होते. शाश्वततेच्या प्रमाणपत्राने कायदेशीर कागदांपासून सुटका होत नाही, हेही लक्षात घ्यावे. युरोपीय संघात माल पाठवायचा असेल तर १ जानेवारी २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागते आणि ते आपल्याकडे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एम्पीडा, देते. अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले, कारण बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत कासवे सुटण्याची सोय नव्हती. असा अडसर एमएससीच्या निळ्या खुणेने दूर होत नाही.

म्हणून सर्वांत आधी खरेदीदाराला पत्र लिहावे आणि उत्तर लेखी घ्यावे. या खुणेची मागणी मुख्यतः उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांकडून येते. तुमचा बहुतेक माल चीनकडे किंवा आग्नेय आशियाकडे जात असेल, तर आजच्या घडीला या खर्चाची भरपाई भावातून होईल असे मी कोणाला सांगणार नाही. खरेदीदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : प्रमाणित माल किती घ्याल, किती वर्षे घ्याल, आणि सुधारणा चालू असतानाच्या काळात खर्चाचा काही भाग उचलाल का. तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा होकार मिळतो, पण तो प्रश्न आपल्याकडून विचारलाच जात नाही.

दुसरी पायरी : एकक ठरवणे

प्रमाणपत्र कारखान्याला मिळत नाही, बंदराला मिळत नाही आणि राज्यालाही मिळत नाही. एक विशिष्ट मत्स्यसाठा, म्हणजे एका भागातली एका जातीची मासळी, तो पकडण्याचे एक विशिष्ट साधन आणि ते वापरणाऱ्या ठरावीक बोटी किंवा माणसे, या तिहींचे मिळून एक एकक होते आणि मूल्यांकन त्या एककाचे होते. अष्टमुडीचे काम तुलनेने सोपे झाले ते यामुळेच. शिंपला एका जागी राहतो, सरोवराला काठ आहे, साधन हाताचे आहे आणि काढणारे लोक एकमेकांना ओळखतात.

आपल्या ट्रॉलरवर येणाऱ्या म्हाकुलाची, म्हणजे स्क्विडची, गोष्ट वेगळी आहे. तोच साठा गुजरात, गोवा, कर्नाटक आणि केरळच्या बोटीही पकडतात. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आणि त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. साठ्याची स्थिती चांगली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र अर्ज करणाऱ्यावर येते, मग त्याच्या बोटी त्या साठ्यातला दहावा हिस्सा का पकडत असेनात. त्यातच ट्रॉलच्या एका ओढीत पंधरा-वीस जातींची मासळी येते, आणि म्हाकुलासाठी प्रमाणपत्र मागितले तरी उरलेल्या प्रत्येक जातीवर काय परिणाम होतो याचे उत्तर द्यावे लागते.

माझा सल्ला असा की पहिला प्रयत्न निवडक साधनाचा असावा. गळाने किंवा दोरीने होणारी पकड, खाडीतल्या शिंपल्यांची काढणी, ठरावीक आसेच्या तरत्या जाळ्यांची मासेमारी, यांपैकी जिचा निर्यातीशी खरा संबंध आहे ती घ्यावी. ट्रॉलरच्या मालासाठी प्रयत्न करूच नये असे नाही, पण तिथे आठ-दहा वर्षांची तयारी धरून चालावे आणि शेजारच्या राज्यांतल्या संघटनांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

एकक ठरले की अर्जदार कोण हे ठरवावे. एकट्या कारखानदाराने अर्ज केला की बोटमालकांना ते त्याचे काम वाटते. संस्था आणि निर्यातदार यांनी मिळून करार करावा, त्यात खर्चाची वाटणी, नव्या बोटींना सामील करून घेण्याची अट आणि नियम मोडणाऱ्या बोटीला यादीतून काढण्याचा अधिकार कोणाला, हे तिन्ही मुद्दे स्पष्ट लिहावेत. शेवटचा मुद्दा लिहिताना सभेत नेहमीच वाद होतो. तो वाद आधी झालेला बरा.

तिसरी पायरी : वही

याच टप्प्यावर बहुतेक प्रयत्न अडतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मला आपली वही दाखवली होती. खाऱ्या पाण्याने पाने एकमेकांना चिकटलेली, डिझेलचा वास, आणि प्रत्येक फेरीला दोन ओळी : तारीख, म्हाकुल इतके क्रेट, बळा इतके क्रेट, बाकी बारीक. हिशोबाच्या दृष्टीने ती वही चोख होती, कारण खलाशांचा वाटा तिच्यावरून ठरत असे. मूल्यांकनाच्या दृष्टीने मात्र सगळा प्रश्न त्या शेवटच्या शब्दात होता. ‘बारीक’ म्हणजे काय? त्यात मासळीच्या भुकटीच्या कारखान्याला जाणारी बिनकामाची मासळी होती, तशी हातभरसुद्धा न वाढलेल्या सुरमईची पिल्लेही होती. तपासनीस पहिल्यांदा बोट ठेवतो ते याच शब्दावर.

वहीत पुढील गोष्टी हव्यात : बोटीचा नोंदणी क्रमांक, निघण्याची आणि परतण्याची वेळ, मासेमारी केलेली जागा अक्षांश-रेखांशासह किंवा निदान खोली आणि जवळच्या खुणेसह, साधन आणि त्याची आस, जाळे किती वेळा टाकले आणि किती वेळ पाण्यात होते, मुख्य जातींचे वजन, समुद्रात परत टाकलेल्या मासळीचा अंदाज, आणि कासव, डॉल्फिन, देवमासा किंवा संरक्षित शार्क यांपैकी काही जाळ्यात आले असेल तर त्याची नोंद, ते जिवंत सुटले की मेले यासकट. ‘बारीक’साठी दर फेरीला सगळे मोजायची गरज नाही. आठवड्यातून ठरलेल्या दोन बोटींवरून एक क्रेट बाजूला काढून त्यातल्या जाती वेगळ्या करायच्या, मोजायच्या आणि तराजूवर ठेवायच्या. वर्षभर सातत्याने केले तर त्यातून चांगले चित्र उभे राहते.

तांडेल लिहितील का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. छापील तक्ता मराठीत असेल, जातींची नावे बंदरावर बोलली जातात तीच असतील आणि त्यांच्यापुढे छोटी चित्रे असतील, तर लिहितात. इंग्रजी तक्ता आणि लॅटिन नावे दिली की तो बंदरावर बसून अंदाजाने भरला जातो, आणि अंदाजाने भरलेला तक्ता अनुभवी तपासनीस दहा मिनिटांत ओळखतो, कारण सगळे आकडे पाच आणि दहाच्या पटीत असतात. एक गोष्ट मात्र पाळावी. कासवाची नोंद केली म्हणून कोणत्याही बोटीला संस्थेने दंड करू नये. तसे एकदा झाले तरी ती नोंद कायमची बंद होते.

महाराष्ट्रात या बाबतीत एक तयार आधार आहे आणि त्याचा उपयोग फारसा कोणी केलेला नाही. संरक्षित जातीचा प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य शासन जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी फोटो आणि अर्ज लागतो. आपल्या संस्थेच्या बोटींनी केलेले असे सर्व अर्ज एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. कासवाची गाठ कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात पडते आणि त्यांतली किती जिवंत सुटतात, याचा शासनाच्या शिक्क्याचा पुरावा त्यातून उभा राहतो.

वहीच्या जोडीला बाहेरची आकडेवारी लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या बंदरांवर नमुना पद्धतीने उतरणावळीची, म्हणजे उतरलेल्या मासळीची, नोंद ठेवते आणि तिचे मुंबईत केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना सुरुवातीलाच भेटावे. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे मुख्यालयही मुंबईतच आहे. साठ्याचा अभ्यास आपण आपल्या बळावर करू शकत नाही, तो या संस्थांकडूनच मिळेल. पुरेशी आकडेवारी नसेल तरी दार बंद होत नाही. अशा मासेमारीसाठी एमएससीने जोखमीवर आधारलेली एक पद्धत ठेवली आहे, जिच्यात जात किती लवकर वाढते, किती अंडी घालते आणि जाळ्याच्या वाटेत किती येते, यावरून गुण ठरतात आणि मच्छीमारांच्या बैठकीतल्या माहितीला अधिकृत स्थान असते.

चौथी पायरी : पूर्वमूल्यांकन आणि सुधारणेची वर्षे

वर्षभराच्या नोंदी हाती आल्या की मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेकडून किंवा अनुभवी सल्लागाराकडून पूर्वमूल्यांकन करून घ्यावे. एमएससी स्वतः कोणाला गुण देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. निदान तीन ठिकाणांहून दरपत्रक मागवावे आणि त्यांच्या तज्ज्ञांनी उष्ण कटिबंधातल्या मिश्र मासेमारीचे काम केले आहे का, हे विचारावे. पूर्वमूल्यांकनाचा अहवाल गोपनीय ठेवता येतो, त्यामुळे त्यात वाईट गुण आले तरी बाजारात नाव खराब होत नाही.

गुणांची रीत समजून घेणे आवश्यक आहे. तीन तत्त्वे आहेत : साठा निरोगी असणे, पर्यावरणावरचा परिणाम मर्यादित असणे आणि व्यवस्थापन परिणामकारक असणे. या तिन्हींखाली मिळून दोन डझनांहून अधिक निर्देशक आहेत. एकाही निर्देशकाला ६० पेक्षा कमी गुण पडले तर प्रमाणपत्र मिळत नाही. ६० ते ८० च्या दरम्यान गुण पडले तर अट घातली जाते आणि ती मुदतीत पूर्ण करावी लागते. शिवाय प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान ८० हवी. म्हणजे एका तत्त्वातल्या चांगल्या गुणांनी दुसऱ्यातली उणीव भरून निघत नाही.

आपल्याकडे सर्वांत कमकुवत जागा असते ती पकड नियंत्रणाच्या नियमाची. साठा अमुक पातळीच्या खाली गेला की मासेमारी अमुक प्रमाणात कमी करू, हे आधी लिहून ठेवलेले असणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे आणि ती महत्त्वाची आहे, पण साठा चांगला असो वा वाईट, ती तेवढीच असते. नियंत्रणाचा नियम साठ्याच्या स्थितीप्रमाणे बदलला पाहिजे. संस्थेच्या पातळीवर त्याची सुरुवात करता येते. उदाहरणार्थ, प्रति फेरी सरासरी पकड सलग दोन हंगाम ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली, तर पुढच्या हंगामात बोटी दोन आठवडे उशिरा सुटतील, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून मत्स्यव्यवसाय विभागाकडे पाठवावा. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते, तरी तो नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

व्यवस्थापनाच्या बाजूने मात्र आपली स्थिती लोकांना वाटते तितकी वाईट नाही. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती, ५४ जातींसाठी २०२३ मध्ये ठरवून दिलेले किमान कायदेशीर आकार, आणि २०२५ पासून सुरू झालेली ड्रोनची देखरेख, हे सर्व कागदोपत्री पुरावे आहेत. पापलेट १३५ मिलिमीटर आणि बोंबील १८० मिलिमीटर हे आकार आता संस्थेच्या भिंतीवर रंगवता येतील आणि लिलावाच्या टेबलावर पट्टी ठेवता येईल. अष्टमुडीच्या वजनकाट्याचे काम इथे पट्टी करील. तपासनीस कायदा वाचतोच, पण त्याहून अधिक तो विचारतो की मागच्या वर्षी किती बोटींवर कारवाई झाली. त्या कारवाईच्या नोंदींची प्रत विभागाकडून लेखी मागून घ्यावी.

उणिवा कळल्या की सुधारणा प्रकल्प आखावा. प्रत्येक उणिवेपुढे काम, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि खर्च लिहावा. ट्रॉलच्या बाबतीत शेवटच्या खोळाला चौकोनी आस लावणे आणि कासवे सुटण्याचे साधन बसवणे ही दोन कामे अटळ आहेत. त्यासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने आपल्या पाण्यासाठी बेतलेले नमुने आहेत. शार्कचे पर कापून धड समुद्रात टाकणारी बोट कोणत्याही परिस्थितीत एककात असू नये, कारण त्या एका कारणावरून अर्ज फेटाळला जातो. जबरदस्तीच्या मजुरीबाबतही तेच. परप्रांतातून आणि नेपाळमधून आलेल्या खलाशांचे करार, आगाऊ रकमेचा हिशोब आणि ओळखपत्रे नीट ठेवावीत, आणि हे फक्त प्रमाणपत्रासाठी करू नये.

पाचवी पायरी : पूर्ण मूल्यांकन

सुधारणा प्रकल्पात निर्देशक ६० च्या वर आले आणि सरासरी ८० च्या जवळ आली की पूर्ण मूल्यांकनाला जावे. साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. या टप्प्यावर सर्व काही सार्वजनिक होते. प्रमाणन संस्था मूल्यांकन जाहीर करते आणि पहिला मसुदा प्रसिद्ध करते, त्यानंतर तज्ज्ञांचा चमू बंदरावर येतो, मग अर्जदाराचे आणि बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय, मग ३० दिवस जनतेच्या सूचना, मग अंतिम मसुदा आणि त्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत हरकत घेण्याची संधी.

चमू येण्याच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, ज्यांचा विरोध असू शकतो त्यांना स्वतः जाऊन भेटावे : पारंपरिक मच्छीमार, कासवांचे काम करणाऱ्या संस्था, शेजारच्या बंदरातले लोक. त्यांचे म्हणणे हरकतीच्या पत्रात वाचण्यापेक्षा समोर बसून ऐकलेले चांगले, आणि त्यांची माहिती पुष्कळदा आपल्यापेक्षा अचूक असते. दुसरी, तांडेल आणि खलाशांना कोणतेही पाठ केलेले उत्तर शिकवू नये. वहीत जे आहे तेच त्यांनी सांगावे.

सहावी पायरी : धक्क्यापासून खोक्यापर्यंतची साखळी

मासेमारी प्रमाणित झाली तरी खोक्यावर निळी खूण लागत नाही. मासळी बोटीवरून उतरून तिची मालकी बदलली की पुढच्या प्रत्येक मालकाला साखळीचे वेगळे प्रमाणपत्र लागते. ते तीन वर्षांचे असते आणि त्याची मुख्य अट अशी की प्रमाणित माल दुसऱ्या मालात मिसळता कामा नये आणि तो कोणत्या बोटीचा आहे हे मागे जाऊन दाखवता आले पाहिजे.

आपल्या बंदरांवरची खरी अडचण लिलाव आहे. चार बोटींचे म्हाकुल एका व्यापाऱ्याने घेतले, एकाच ढिगात बर्फ टाकला आणि एकाच गाडीत भरले की साखळी तिथेच तुटते. म्हणून प्रमाणित बोटींसाठी वेगळ्या रंगाचे क्रेट ठेवावेत, प्रत्येक क्रेटवर बोटीचा क्रमांक आणि तारीख असलेला पाणी न लागणारा टॅग लावावा, आणि तो माल शक्यतो थेट कारखान्याने घ्यावा किंवा ठरावीक व्यापाऱ्यांनाच प्रमाणित करून घ्यावे. सोलण्याचे आणि साफ करण्याचे काम बाहेरच्या शेडमध्ये होत असेल तर ती शेडही तपासणीत येते. कारखान्यात वेळ वेगळी ठेवणे सर्वांत सोपे पडते : सकाळची पहिली पाळी प्रमाणित मालाची, मग टेबले धुवून बाकीचा माल. महिन्याच्या शेवटी आलेले वजन, साफ केल्यावर उरलेले वजन आणि पाठवलेले वजन यांचा ताळा जमलाच पाहिजे. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या पाकिटावर खूण वापरायची असेल तर एमएससीशी परवान्याचा वेगळा करार होतो आणि विक्रीवर शुल्क लागते. ते कोण भरणार हे खरेदीदाराशी आधीच ठरवावे.

प्रमाणपत्रानंतर

मासेमारीचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दर वर्षी तपासणी होते. घातलेल्या अटी ठरलेल्या टप्प्यांनी पूर्ण होत नसतील तर ते निलंबित होते. म्हणून वार्षिक तपासणीचा खर्च पहिल्याच करारात धरावा, आणि वही तपासणारा पगारी माणूस संस्थेकडे कायम असावा.

अष्टमुडीतले शिंपले पुढच्या काळात पुन्हा घटले, आणि २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला तिथे सुमारे तीन कोटी शिंपल्यांचे बीज सोडावे लागले. खाडीत मिसळणारे सांडपाणी, बदलणारी क्षारता, गाळ, या गोष्टी शिंपले काढणाऱ्याच्या हातात नसतात आणि त्यांच्यावर वहीतला कोणताही रकाना उपाय नाही. पण घट कधी सुरू झाली आणि कुठून, हे सांगणारा पुरावा त्या रकान्यांतच असतो, आणि प्रदूषण करणाऱ्यासमोर किंवा शासनासमोर उभे राहताना संस्थेच्या हाती दुसरे काही नसते.

कामाला सुरुवात करायला जून-जुलै हा काळ सर्वांत सोयीचा आहे. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तांडेल गावात असतात, जाळ्यांची दुरुस्ती चालू असते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सभा घेऊन एकक आणि अर्जदार ठरवावा, जुलैत नोंदवहीचा नमुना चार तांडेलांकडून तपासून छापून आणावा, आणि १ ऑगस्टला सुटणाऱ्या प्रत्येक बोटीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक वही आणि दोन पेन्सिली द्याव्यात. पेन देऊ नये; ओल्या कागदावर ते चालत नाही.